आवाज सुनेचा, नंबर परका

माझ्या सासूबाईंनी एकदा मला घरात घ्यायला नकार दिला. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. मी मीच आहे हे मला सिद्ध करता आलं नाही, एवढंच कारण.

याला जबाबदार कोण असं विचाराल, तर तीही मीच. मी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते. गाड्यांच्या दारांना कडेनं काळी रबरी पट्टी असते ना, ती आमच्याकडे बनते. नव्या कामगारांना बूट का घालायचे, गॉगल का लावायचा, यंत्र चालू असताना हात आत का घालायचा नाही (हे खरंच सांगावं लागतं), असं सगळं मी शिकवते. मध्यंतरी वरून हुकूम आला की कामगारांना ऑनलाइन फसवणुकीबद्दलही सांगा. मी जीव ओतून तयारी केली. खोटे फोन, खोटे फोटो, माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, सगळं घेतलं. शेवटी विचारलं, "काही शंका?" एकच हात वर आला.

"मॅडम, चहा आज इथंच मिळणार का कँटीनला जायचं?"

गवयाला मैफिलीत दाद मिळाली नाही की तो घरच्यांना धरून बसवतो. मीही तेच केलं.

घरी गरजही होती. आमचं घर चऱ्होलीच्या जुन्या गावठाणात. आजूबाजूच्या ज्वारीच्या रानांत बघता बघता उंच इमारती उगवल्या, आणि त्याच सुमारास सासूबाईंच्या हातात मोबाईल उगवला. फ्रिज आणि मोबाईल एका खोलीत असले की दोघांच्या लहरी एकत्र होऊन दूध नासतं, असा मेसेज त्यांना आला होता. त्यांनी ताबडतोब उपाय केला. मोबाईल हातातच ठेवला आणि फ्रिज बंद केला. संध्याकाळी दूध नासलं.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "मेसेज खरा निघाला."

त्या रविवारी मी घरच्यांचा वर्ग घेतला. हजर विद्यार्थी तीन: नवरा दिलीप, नणंद शीतल आणि सासूबाई. दिलीपचं भोसरीला लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे शांत जागी बसवलं की त्याला झोप लागते. शीतल मान हलवत होती, पण कानात काहीतरी अडकवलेलं होतं. उरल्या सासूबाई. त्या मात्र मांडी घालून, पुढं झुकून ऐकत होत्या. हयातीत मला असा विद्यार्थी मिळालेला नाही.

"अनोळखी नंबरवरून आपल्या माणसाचा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही," मी सांगितलं.

"तुजा आवाज आला तरी?"

"माझा आला तर आधी शंका घ्यायची. समोरचा घाई करायला लागला की समजायचं, काळंबेरं आहे. त्याला असं काहीतरी विचारायचं जे फक्त घरच्यालाच माहीत असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात एक परवलीचा शब्द ठरवायचा. तो मधून मधून बदलायचा. शब्द असा हवा की परक्याच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही."

"आन् शब्द न्हाई सांगितला तर?"

"तर तो आपला माणूस नाही. कितीही गयावया करू दे. अजिबात ऐकायचं नाही, आई."

"न्हाई ऐकत," त्या म्हणाल्या. ते 'न्हाई' ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या वेळी ते ज्याच्या अंगावर शेकणार होतं तो माणूस कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढं काही आठवड्यांनी शीतलला बघायला पाहुणे यायचे ठरले. नारायणगावचं घर, मुलगा इंजिनिअर, माणसं साधी. शनिवारी पाच वाजता येणार होते. शीतलनं याआधीची दोन स्थळं काही ना काही कारणानं नाकारली होती, पण या मुलाचा फोटो तिनं जरा जास्त वेळ बघितला होता. घरात सगळ्यांनी ते हेरलं होतं आणि कुणीच बोलून दाखवलं नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. पण शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा आणि निघताना घ्यायचा. घाईघाईत मी पर्स घेतली, डबा घेतला, अगदी छत्रीसुद्धा घेतली. मोबाईल लॉकरमध्ये बसून राहिला.

हे मला चाकण-आळंदी रस्त्यावर समजलं, कारण तिथं स्कूटर पंक्चर झाली. ढकलत ढकलत मी पंक्चरवाल्यापर्यंत पोचले. तो म्हणाला, "ताई, टायरच गेलंय. दुसरं आणायला लागंल. उद्या या." मी रिक्षा शोधत कडेला उभी होते, तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. पुढच्या सीटवरच्या टोपीवाल्या गृहस्थांनी विचारलं, "ताई, चऱ्होलीला कुठनं जायचं? हा मोबाईल आम्हाला सारखा कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर नेऊन सोडतोय."

"चऱ्होलीत कुणाकडे?"

त्यांनी आमचंच घर सांगितलं.

नारायणगावचे पाहुणे! रस्ता मोकळा मिळाला म्हणून तासभर आधीच आले होते. मुलाचे वडील तात्या, मागं मुलाची आई आणि गाडी चालवणारा स्वतः मुलगा, निखिल. (अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये हेही मी शिकवते, पण तात्यांनी शीतलचा बायोडेटा मोबाईलवर उघडून दाखवला, आणि तो मीच टाइप केलेला होता.) मी मागं काकूंच्या शेजारी बसले आणि बसल्या बसल्या घराचं चित्र डोळ्यांपुढं आलं. या वेळी सासूबाई फरशी धूत असणार. शीतलच्या तोंडाला डाळीचं पीठ असणार. दिवाणखान्यात वाळत घातलेले कपडे असणार.

"काका, तुमचा फोन मिळेल का? घरी जरा कळवते."

"घ्या की. फक्त स्पीकरवरच बोलायला लागतं. कानाला लावला की ऐकू येत न्हाई."

सासूबाईंचा नंबर मला पाठ होता. लावला.

"कोन बोलतंय?"

"आई, मी मनीषा. ऐका, घाईत सांगते..."

आणि तिथंच मी संपले. अनोळखी नंबर, सुनेचा आवाज आणि घाई. मी शिकवलेल्या सगळ्या खुणा एका वाक्यात मी स्वतः भरून दिल्या होत्या.

"व्हय का," सासूबाईंचा आवाज एकदम गोड झाला. "मनीषा का तू? मग शब्द सांग."

"करवंद," मी म्हणाले. परवलीचा शब्द मीच ठरवला होता.

"तो जुना झाला. बेस्तरवारी बदललाय. ग्रुपवर टाकलाय की."

घरच्या ग्रुपवर रोज एवढी फुलं आणि सुविचार येतात की मी तो ग्रुप आवाज बंद करून ठेवला आहे. हे आता पाहुण्यांसमोर कसं सांगणार? मी म्हटलं, "आई, मी वाचला नाही. दुसरं काहीतरी विचारा, घरातलं."

"बरं. माझ्या सुनंला माझ्या हातचं काय आवडत न्हाई?"

निखिलनं रेडिओ बंद केला. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. जगातली कुठली सून या प्रश्नाचं खरं उत्तर देईल, तेही होणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीत, स्पीकरवर?

"सगळंच आवडतं, आई," मी म्हणाले.

"खोटी हायेस," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनंला माझं पिठलं आवडत न्हाई. पिठलं केलं की तिला उपास आठवतो. तिला वाटतं मला कळत न्हाई."

तात्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

"आई, माझ्याबरोबर पाहुणे आहेत. त्यांच्याच गाडीत आहे मी." मी फोन तात्यांच्या पुढं धरला. "काका, तुम्ही सांगा."

तात्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी नारायणगावहून बोलतोय, मुलाचा वडील."

"आता गड्याचा आवाज काढला," सासूबाई म्हणाल्या. "किती आवाज हायेत रं तुज्याकडं?"

काकूंना राहवलं नाही. त्या पुढं झुकून म्हणाल्या, "अहो ताई, मी मुलाची आई बोलतेय."

"बाईचा बी येतो व्हय? छान. आता तान्ह्या पोराचा काढ. मग शेळीचा काढ. मेल्या, एवढी कला अंगात हाय तर तमाशात जा की. लोकास्नी फसवतोस कशाला?"

फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. त्यांनी नंबर ब्लॉक केला होता. ब्लॉक कसं करायचं हे मीच त्यांना शिकवलं होतं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

"हुशार आहेत तुमच्या सासूबाई," तात्या म्हणाले. मला त्यात टोमणा आहे की कौतुक, ते कळेना.

गाडी आळंदीच्या अलीकडे आली तेव्हा तात्यांचा फोन वाजला. नंबर मी ओळखला. दिलीप! माझा जीव भांड्यात पडला. पण फोन तात्यांनी उचलला होता आणि मागं लेथ घरघरत असल्यामुळे दिलीप ओरडूनच बोलत होता. सासूबाईंनी त्याला हा नंबर देऊन सगळं कळवलं होतं. त्यानं माझ्या मोबाईलवर फोन केला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. कंपनीत केला, तर मॅडम केव्हाच गेल्या. मग त्यानं दोन अधिक दोन केले आणि उत्तर अपहरण आलं.

"माझी बायको कुठाय?"

"आमच्याकडं सुखरूप हाय," तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

पलीकडे लेथ बंद झालं.

"काय पाहिजे तुम्हाला?" दिलीपनं विचारलं. आवाज अगदी हळू आला होता.

तात्या सरळ माणूस. गेले सहा महिने मुलाच्या स्थळांसाठी हिंडत होते, आणि प्रत्येक घरी हा प्रश्न येत असे. त्यांचं उत्तर तयार होतं.

"आम्हाला काही नको. आम्हाला फक्त मुलगी पाहिजे."

मी फोन हिसकावून घेतला. "अहो, मी मनीषा बोलतेय. असं काही नाहीये, अहो, ऐका तर..."

"माझी बायको मला 'अहो' म्हणत नाही," दिलीप म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हे खरं होतं. एरवी मी त्याला नावानं हाक मारते. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा अहो म्हणाले होते. मी परत फोन लावला, तर सतत व्यस्त. तो भावकीला फोन करत होता.

आमची भावकी एरवी बांधावरून एकमेकांशी बोलत नाही. कुणाच्या पत्र्याचं पाणी कुणाच्या दारात पडतं यावरून अबोले आहेत. पण 'घात झालाय' म्हटलं की सगळे विसरून येतात. पांढरी गाडी आमच्या आळीत शिरली तेव्हा घरासमोर चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सगळी जमली होती. एकाच्या हातात बॅट होती. एकानं गाडी धुवायचा पाइप आणला होता, तो कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. व्हरांड्याच्या गेटला आतून कडी होती आणि गजांमागं सासूबाई उभ्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात खराटा.

मी गाडीतून उतरले. "आई, मी आलेय. दार उघडा."

चुलतसासरे म्हणाले, "आगं, ही तर मनीषाच हाय."

"दिसायला तशीच हाय," सासूबाई म्हणाल्या. "पर आजकाल हुबेहूब मानूस बी करत्यात. तिनंच सांगितलंय. तोंड हालतंय, डोळं मिटत्यात, आन् मानूस खोटा."

"आई, ते व्हिडिओत. मी इथं उभी आहे. चिमटा काढून बघा."

"गेटच्या आत आल्याबिगर चिमटा काढायचा कसा? आन् आत येयाचं तर शब्द सांग."

त्यांच्या मागून शीतलचं पिवळं तोंड डोकावलं. तिची नजर माझ्यावरून गाडीकडे गेली, आणि गाडीतून निखिल तिच्याकडे बघत होता. ती किंचाळून आत पळाली. आतून तिचा रडवेला आवाज आला, "आई, वहिनीच आहे ती. पाहुणे आलेत. उघड ना गं."

"शब्द," सासूबाई म्हणाल्या.

मी गेटचे गज धरले. मागं भावकी होती, शेजारी पाहुणे होते. तात्या टोपी काढून डोकं खाजवत होते. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, रडत होत्या की हसत होत्या ते देव जाणे. शीतलचं जमू घातलेलं लग्न माझ्या ट्रेनिंगमुळे मोडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. वाटलं, तो वर्ग घेतला नसता तर काय बिघडलं असतं? फार तर अधूनमधून दूध नासलं असतं.

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले.

कडी निघाली.

गेट सताड उघडून सासूबाई बाजूला झाल्या. "ये आत," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"शब्द. 'चुकलं माझं.' तूच म्हणालीस न्हवं, परक्याच्या सपनात येनार न्हाई असा ठेवा? परक्याच्याच काय, आपल्या घरात बी कुनाच्या तोंडात नसतो. तुज्या तर न्हाईच न्हाई."

भावकी हसली. ती हसली ते बरंच झालं, कारण त्या गडबडीत बॅट आणि पाइप घराघरांत परत गेले. मग सासूबाईंनी पाहुण्यांकडे नीट बघितलं. टोपी बघितली, काकूंच्या हातातली फळांची पिशवी बघितली. एका झटक्यात खराटा दाराआड गेला, साडी खाली आली, पदर डोक्यावर आला.

"या, या," त्या म्हणाल्या, जणू आत्ताच दिसले. "प्रवास बरा झाला न्हवं?"

"झाला की," तात्या म्हणाले. "फक्त आवाज काढून काढून घसा बसलाय. च्या मिळाला तर बरं."

चहा झाला. फरशी ओली होती म्हणून सगळे पाय वर घेऊन बसले होते. कपडे कुणी आणि कधी काढले ते कळलं नाही, पण एक बनियन पंख्याला अडकून हळूहळू फिरत होतं आणि सगळेजण ते न दिसल्यासारखं करत होते. तेवढ्यात दिलीपची मोटरसायकल दारात आली. हाताला काळं ऑइल, डोक्यावर हेल्मेट. तो तसाच आत घुसला.

"कुठाय तो?"

तात्या उठून उभे राहिले. "मीच तो."

दिलीपनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहाच्या ट्रेकडे बघितलं. मग तो खाली वाकला आणि तात्यांच्या पाया पडला. आमच्या संसारात त्यानं इतका चटकन आणि इतका बरोबर निर्णय दुसरा घेतलेला मला आठवत नाही. तात्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर ऑइलची बोटं उमटली.

शीतल बाहेर आली. कानामागं थोडं पीठ राहिलंच होतं. ती निखिलकडे बघून म्हणाली, "तुम्ही फोटोत वेगळे दिसता."

निखिलचा हात डोक्याकडे गेला. फोटोत तिथं दाट केस होते. "तो फोटो कॉलेजचा आहे," तो म्हणाला. "ताजा काढला तर आई पाठवू देत नव्हती."

काकू फळांच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"माझाही तसाच आहे," शीतल म्हणाली. "वहिनींनी ॲपवर उजळ केलाय. नाकसुद्धा थोडं सरळ केलंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खोटे फोटो कसे ओळखावेत यावर मी तासभर बोलू शकते. त्या क्षणी मात्र मला बिस्किटांची बशी भरायची अतोनात गरज वाटली.

"नाक असंच बरं आहे," निखिल म्हणाला.

शीतल लाजली, आणि मला कळलं की काम झालं.

निघताना काकूंनी सासूबाईंचे हात हातात घेतले. "ताई, आमच्या घरी कुणीही उठून फोन करतं आणि हे त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारतात. तुमच्या घरची मुलगी आली तर आमचं घर राखलं जाईल." मग त्या हळूच म्हणाल्या, "ते ब्लॉक कसं करायचं, मला पण दाखवा ना."

सासूबाईंनी दाखवलं. एकदाच दाखवलं आणि काकूंना आलंही. आता नारायणगावच्या बायकांनाही त्या फोनवरून शिकवतात. माझं नाव त्यात कुठं येत नाही.

साखरपुडा ठरला. आमच्या घरात आजवर कुणी ऑनलाइन फसलेलं नाही, असं मी मोठ्या अभिमानानं लिहिणार होते, पण लिहिता येत नाही. साखरपुड्यासाठी मला एक जांभळी पैठणी मोबाईलवर दिसली. फोटो सुंदर, भाव अगदीच किरकोळ, आणि खाली लिहिलेलं, 'शेवटची एकच शिल्लक, लवकर करा.' मी लवकर केलं. पार्सल आलं ते हातात मावण्याएवढं. आत त्याच रंगाचा, त्याच काठांचा हातरुमाल होता.

सासूबाईंनी तो उलटापालटा करून बघितला.

"काठ बरे हायेत," त्या म्हणाल्या. "नेस आता."